इंग्रजी बोलता येते. वाचता येते का?

इंग्रजी हवी, यावर आपल्या चळवळीत वाद उरलेला नाही. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिका म्हणून सांगितले. प्रश्न आहे तो कोणती इंग्रजी, हा. बोईसर-पालघर पट्ट्यात जिकडे तिकडे 'फाडफाड इंग्रजी बोला'च्या पाट्या दिसतात. मुलाखतीपुरती चार वाक्ये पोरं शिकतातही. पण मराठीतून बीए करून एमएला गेल्यावर इंग्रजी ग्रंथ समोर आला की हात गाइडकडे जातो. गाइड म्हणजे दुसऱ्याने वाचून, चघळून दिलेले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथांपासून दूर ठेवले, त्यांच्या पोरांनी आता उष्ट्यावर का जगायचे?

इंग्रजी बाबासाहेबांच्याही घरची भाषा नव्हती. सुभेदार रामजींनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून घोटून घेतली. शाळेत संस्कृत नाकारली गेली, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. वय २५. जातीची मीमांसा म्हणून आपण तो नेहमी सांगतो. पण इंग्रजी ग्रंथ कसे वाचावेत, याचाही तो वस्तुपाठ आहे, आणि तिकडे आपले लक्षच गेलेले नाही.

निबंधाच्या सुरुवातीलाच बाबासाहेब जातीच्या चार व्याख्या मांडतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. मग एकेकाला तपासायला घेतात. सेनार विटाळाला जातीचे लक्षण मानतो. बाबासाहेब म्हणतात, विटाळाचा संबंध पुरोहितशाहीशी आहे, जात असायला तो आवश्यक नाही. नेसफिल्ड रोटीबंदीवर भर देतो. ती जातीचा परिणाम आहे, कारण नव्हे. रिस्ले म्हणजे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त, केवढा बडा साहेब! त्याला नवे काही सांगायचे नाही म्हणून एका वाक्यात बाजूला सारला आहे. केतकर, म्हणजे पुढचे ज्ञानकोशकार, यांचे मात्र श्रेय मान्य केले. त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे, बेटीबंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व, ही दोन नसून एकच आहेत, हे दाखवून दिले. आणि तिथूनच बाबासाहेबांचा स्वतःचा सिद्धान्त उभा राहतो.

आता हेच पान शब्दकोश घेऊन शब्दागणिक वाचणाऱ्या मुलाच्या हाती द्या. शब्द सगळे कळतील, पण सेनारचे मत तो बाबासाहेबांच्या नावावर लिहून येईल. परीक्षेत गुण जातील ते जातील, पण व्हॉट्सअॅपवर बाबासाहेबांच्या नावाने फिरणारी वाक्येही अशाच वाचनावर पोसली जातात. विरोधकाचे मत आधी नीट मांडायचे आणि मग खोडायचे, ही बाबासाहेबांची पद्धत. अर्धे पान कापून कुणीही त्यांच्या तोंडी काहीही घालू शकतो.

बेटेगावात आम्ही पदवीच्या मुलामुलींसोबत हाच निबंध वाचतो. काही जण वारली घरांतले आहेत. त्यांना पुस्तकी मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. शब्दकोश पहिल्या वाचनात बंद. पेन्सिलने आधी माणसांची नावे आणि 'बट', 'हाऊएव्हर' असे वळण घेणारे शब्द शोधायचे. समासात मराठीत किंवा वारलीत लिहायचे: हे कोण बोलतोय? बाबासाहेबांना पटलेय की नाही? एक परिच्छेद कधी तासभर खातो. खाऊ दे. आपल्या भाषेत विचार केल्याने इंग्रजी बिघडते, हा समज शिकवणाऱ्यांनीच पसरवला आहे. रामजीबाबांनी भाषांतरातूनच शिकवले ना?

सध्या आम्ही सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या भागावर आहोत. जातीच्या आतच लग्न लावायचे तर नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष हे हिशेबात जास्तीचे ठरतात. बाबासाहेबांनी त्यांना 'सरप्लस' म्हटले आहे. तारापूर एमआयडीसीत स्टोअरचा माल मोजणाऱ्या पोरांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. तो बाईला का लावला, यावर मात्र दोन संध्याकाळी वाद चालला, आणि तोही पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून.