पेल्यावरचे नाव

हल्ली वाढदिवस असो की निरोपसमारंभ, भेट म्हणून छापील चित्राचा मग हमखास मिळतो. कुणाच्या मगावर रायगड, कुणाच्या शनिवारवाडा. ही रीत जुनी आहे. १८९६ साली रशियाच्या झारच्या राज्याभिषेकानिमित्त मॉस्कोच्या खोदिंका मैदानावर एनॅमलचे कप वाटायचे होते. त्या भेटींसाठी चेंगराचेंगरी झाली आणि हजारावर माणसे मेली. कप राजाच्या आठवणीसाठी होता. आज तो आठवण देतो त्या माणसांची.

आमच्या कन्हेरीच्या आसपासही मगावर छापण्यासारखे पुष्कळ आहे. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत राहिले. त्यांनी ओठाला ओठ न लावता म्हणायचे निरोष्ठ रामायण रचले. त्यांचे नाव ओठांना लावायच्या मगावर यावे, ही मोठी गंमतच!

पण गढ्या-वाड्यांबाहेरचा इतिहास फडताळात आहे. पितळी तांब्या, स्टीलचा पेला, त्यावर टिंबाटिंबांनी घातलेले नाव, गाव, लग्नाची तारीख. आम्हा मुसलमानांच्या घरांतही ही नावे देवनागरीत दिसतात. जिचे नाव सातबाऱ्यावर कधी लागले नाही, अशी एखादी बाई तेवढ्या पेल्यावर सापडते.

मोडीत भांडे वजनावर जाते आणि नाव वितळते. म्हणून भांडी मोडीत घालण्याआधी ती नावे वाचा, वहीत उतरवून घ्या. गढीचे चित्र पुन्हा छापता येईल. आजीचे नाव पुन्हा घालायचे, तर ते कुणाला तरी ठाऊक असायला हवे.