मुक्काम पोस्ट वडगाव
नुसते ‘मु. पो. वडगाव’ लिहून माल मागविणारा पोस्टमनला कोड्यात टाकतो, हे मी पत्रलेखन शिकविताना वर्गात नेहमी सांगतो. १८७७ साली व्ही. पी. ची सोय झाली, घरबसल्या खरेदी सुरू झाली. पण पत्ता लागला नाही की पार्सल परत, आणि टपालखर्च दुकानदाराच्या माथी! सारखी गावनावे, नाना भाषा, नाना लिप्या. या घोटाळ्यावर संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकरांनी टपालखात्यात तोड काढली: १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा सहा आकडी पिन. पहिले तीन आकडे छाटणीचा जिल्हा दाखवितात, शेवटचे तीन वाटपाचे पोस्ट. तेथून पुढची आळी आणि घर मात्र गिऱ्हाइकानेच सांगावयाचे. म्हणून पत्ता अपुरा दिसला, तर आजच्या ऑनलाइन विक्रेत्यानेही पार्सल धाडण्याआधी त्यालाच विचारावे. अंदाजाने भर घालू नये.