इमारत कार्नेगीची, खर्च गावाचा

आज बोलूया दानशूर माणसांनी गावोगावी उभ्या केलेल्या सार्वजनिक लायब्रऱ्यांबद्दल. म्हणजे अर्थातच अँड्र्यू कार्नेगी.

स्कॉटलंडमधल्या डन्फर्मलिनच्या हातमाग विणकराचा हा पोरगा. वाफेवरचे माग आले, वडिलांचा धंदा बसला आणि १८४८ मध्ये सगळं कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गजवळ येऊन राहिलं. कार्नेगी तिथे घरोघरी तारा पोचवायचा. कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ दर शनिवारी आपली पुस्तकं कामकरी मुलांना वाचायला देत. सुमारे ४०० पुस्तकं होती. पुढे नियम निघाला की शिकाऊ कारागिरांनाच फुकट, बाकीच्यांनी वर्षाला २ डॉलर भरायचे. कार्नेगी बाकीच्यांत! १८५३ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने थेट पेपरात पत्र लिहिलं. नियम बदलला.

मोठेपणी पोलादात अफाट पैसा कमावला आणि १८८३ मध्ये पहिली लायब्ररी डन्फर्मलिनलाच निघाली. पुढे जगभरात अडीच हजारांहून जास्त झाल्या.

पण अट ऐका. पैसे इमारतीचे. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी करातून लायब्ररीवर खर्च करायची. १०,००० डॉलर मिळाले, तर दर साल १,०००. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटतं: बनवून झालं की खरा खर्च मेंटेनन्सचा. माझ्या मते त्याच्या दानातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच.

तरी सगळ्यांनी हात पसरले नाहीत. १८९२ मध्ये होमस्टेडच्या त्याच्या कारखान्यात मजुरी कापण्यावरून संप पेटला, खासगी बंदूकधारी आणले गेले, दोन्हीकडची माणसं मेली. साहेब तेव्हा स्कॉटलंडमध्ये. सहा वर्षांनी तिथेच भव्य लायब्ररी उघडली! पण १२ तास भट्टीपुढे राबणारा माणूस वाचणार कधी? व्हीलिंग शहरात १९०४ मध्ये कामगार संघटनांनी विरोध केला आणि मतदारांनी त्याची देणगी चक्क नाकारली.

आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतल्या लायब्रऱ्या पाहिल्या होत्या. १९१० मध्ये त्यांनी तिथले ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यात बोलावलं. बडोदा संस्थानात मात्र खर्चाची विभागणी वेगळी ठरली: एक तृतीयांश गावाची वर्गणी, एक तृतीयांश स्थानिक मंडळ, उरलेला सरकारचा. म्हणजे वर्गणीचं पुस्तक घेऊन आधी गावालाच फिरावं लागायचं.