स्टुडिओ घरात कसा आला?

घरी गाणं रेकॉर्ड करायचं आहे, कोणतं साउंड कार्ड घ्यावं, कॉम्प्युटर कसा असावा, असं माझे माजी विद्यार्थी अधूनमधून विचारतात. कुणाला नात रेकॉर्ड करायची असते, कुणाला गझल तरन्नुममध्ये पेश करायची असते, कुणाला नुसती गिटार वाजवायची असते. मी उर्दू-मराठीचा शिक्षक. इलेक्ट्रॉनिक्स माझा विषय नाही. पण उच्चार कानापर्यंत नीट पोहोचतो की नाही, हे पाहणं माझ्या रोजच्या कामात येतं. त्या निमित्ताने या यंत्रांचा इतिहास वाचत गेलो. बाजारातली मॉडेल्स दरवर्षी बदलतात. पण कोणती अडचण कुणी, कधी आणि कशी सोडवली हे कळलं, की आपल्याला नेमकं काय हवं तेही कळतं.

सुरुवात १९०२ पासून करू. त्या वर्षाच्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज तबकडीवर घेतला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे आणि गाणं साधारण तीन मिनिटांत संपवावं लागे. शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार होत, आणि तिथल्या लोकांना ही गायिका कोण हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग १९२५ मध्ये आलं, तेव्हा कुठे हळुवार आवाजाला वाव मिळाला.

सुरुवातीला बरेच उस्ताद या यंत्रापासून दूर राहिले. गाण्यावरच पोट असलेल्या स्त्रिया मात्र पुढे आल्या. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, पण त्यांनी तबकड्यांसाठी गायलं होतं म्हणून आज आपण त्यांचा सूर ऐकू शकतो. मात्र कुणाचा आवाज टिकवायचा, हे कंपनी ठरवत असे. ज्याची तबकडी खपेल, त्याचाच आवाज उरला.

ही मक्तेदारी कॅसेटने मोडली. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातात कामाला गेलेली आपली माणसं येताना टू-इन-वन घेऊन आली. कोकणातल्या घराघरांत ते यंत्र मानाने मांडलेलं असे. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. कव्वाली, तकरीर, लग्नातली गाणी, परदेशी असलेल्या मुलासाठी आईने बोलून पाठवलेलं 'पत्र', सगळं कॅसेटवर आलं. १९७९ मध्ये जपानच्या टॅस्कॅम कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' काढला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक! आधी तबला, मग हार्मोनियम, मग गळा, असं एकट्याने घरी बसून एकावर एक रचता येऊ लागलं. घरगुती स्टुडिओची खरी सुरुवात ही.

कॉम्प्युटर मात्र तेव्हा जवळजवळ मुकाच होता. १९८१ च्या आयबीएम पीसीला फक्त 'बीप' करता येई. सिंगापूरमध्ये त्याच वर्षी सिम वाँग हू या तरुणाने मित्राबरोबर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. सिमला हार्मोनिका वाजवायचा शौक होता. कॉम्प्युटरने बोलावं, गावं, हा त्याचा ध्यास. १९८६ चा त्याचा बोलणारा कॉम्प्युटर चालला नाही. मग तो अमेरिकेत गेला आणि १९८९ मध्ये त्याच्या क्रिएटिव्ह कंपनीने 'साउंड ब्लास्टर' नावाचं कार्ड बाजारात आणलं. त्याआधी कॅनडाच्या अ‍ॅडलिब कंपनीचं कार्ड होतं, पण ते फक्त चिपवर तयार झालेले सूर वाजवी. साउंड ब्लास्टर बाहेरचा आवाज आत घेऊही शकत असे, शिवाय त्यावर जॉयस्टिक जोडायची सोय होती. ते प्रचंड खपलं, ते मुख्यतः गेमसाठी. साउंड कार्ड घरात शिरलं ते खेळणाऱ्या पोरांमुळे, हे विसरू नये. त्याचे परिणाम गाणाऱ्यांना पुढे बरीच वर्षं भोगावे लागले.

आवाज आकड्यांत बदलताना दोन गोष्टी पाहायच्या असतात. सेकंदाला किती वेळा मोजायचं आणि प्रत्येक वेळी किती बारकाईने मोजायचं. पहिलं साउंड ब्लास्टर रेकॉर्ड करताना सेकंदाला सुमारे १२ हजार वेळा मोजे आणि बारकावा ८ बिटचा, म्हणजे फक्त २५६ पायऱ्या. जितक्या वेळा मोजाल, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पकडता येतो. म्हणजे ६ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गळून पडणार. 'स', 'फ' यांची सळसळ बरीचशी त्याच पट्ट्यात असते. जुन्या टेलिफोनवर 'स' आणि 'फ' यांत घोटाळा होई, त्याचं कारण हेच. अशा यंत्रावर गझल रेकॉर्ड केली तर सूर कळेल, तलफ्फुज जाईल.

१९८२ मध्ये आलेल्या सीडीने मोजमाप ठरवून दिलं होतं. सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. साउंड ब्लास्टर १९९२ मध्ये १६ बिटपर्यंत आलं, पण नुसत्या आकड्याने प्रश्न सुटला नाही. कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात, वीजपुरवठ्याच्या आणि हार्ड डिस्कच्या शेजारी बसलेलं. त्यांची खरखर आवाजात मिसळे. १९९८ चं 'साउंड ब्लास्टर लाइव्ह' तर ४४,१०० चा आवाज आतल्या आत ४८,००० मध्ये बदलून घेई. गेम खेळणाऱ्याला त्याचं काही वाटत नसे, संगीतवाल्यांना ते खटकत असे.

दुसरीकडे संगीतासाठीच बनलेली यंत्रं होती, पण ती महाग. अमेरिकेतल्या डिजिडिझाइन कंपनीने १९९१ मध्ये मॅकिंटॉशसाठी 'प्रो टूल्स' आणलं. चार ट्रॅक, किंमत सुमारे ६ हजार डॉलर. शिक्षकाच्या पगारात ते विचारही करण्यासारखं नव्हतं.

मोठी अडचण विलंबाची होती. हेडफोनमध्ये तबला ऐकत गाताना आपलाच आवाज उशिरा ऐकू आला, तर ताल सुटतो. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने आधी साठवतो आणि मग पुढे पाठवतो, त्यात वेळ जातो. एका वेळी १,०२४ नमुने साठवले तर सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जवळजवळ ८ मीटर जातो, म्हणजे साथीला तबलजी आठ मीटर लांब बसल्यासारखं. १२८ नमुन्यांवर आणलं की तो मीटरभर अंतरावर येतो. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा हा विलंब दोनदा पडतो. विंडोजचा ठरलेला रस्ता लांबचा होता. १९९७ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने 'आसियो' नावाची आडवाट काढली आणि साध्या पीसीवर गाणं शक्य झालं. २००० च्या सुमारास एम-ऑडिओचं 'ऑडिओफाइल २४९६' आलं. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ हे नावातच. नंतर यूएसबीमुळे कार्ड कॉम्प्युटरच्या पोटातून बाहेर पडून टेबलावर आलं. तीच आजची 'ऑडिओ इंटरफेस' नावाची डबी. फोकसराइटची लाल 'स्कारलेट' २०११ पासून घरोघरी दिसू लागली. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर तर २००० पासून फुकट मिळतं.

निवडीचं उत्तर या इतिहासातच आहे. खरखर टाळायची तर कार्ड बाहेरचं, यूएसबीचं घ्या. आवाज आणि एक वाद्य यांना दोन माइक-जोडण्या पुरतात. कंडेन्सर माइक घेणार असाल तर ४८ व्होल्टची सोय हवी. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा आसियो ड्रायव्हर हवा, आणि आपला आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनला मिळण्याची सोयही. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ माणसाच्या गळ्याला भरपूर झाले. १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीला भुलू नका. कॉम्प्युटर नवाच हवा असंही नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप आठ-दहा ट्रॅक सहज पेलतो. घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. पुष्कळदा दोष घराच्या अर्थिंगचा असतो. पंखा बंद करा, भिंतींना गोधड्या लावा. उरलेले पैसे माइकवर घाला.

मला खरं सांगायचंय ते यापुढचं. शंभर वर्षं कुणाचा आवाज टिकेल हे आधी कंपनीने ठरवलं, मग यंत्राच्या किमतीने. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या बायांचे शब्द आज आपल्यापाशी आहेत. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनीत चक्कीनामे रचले गेले, ते दळताना गाण्यासाठीच. त्यांचे शब्द हस्तलिखितांत उरले, चाली कुठल्याच तबकडीवर आल्या नाहीत. आपल्या घरांतल्या नानी-दादींना मेहंदीच्या रात्रीची दखनी गाणी, पाळणे, अजून येतात. त्यांच्या बोलीत मराठी कुठे संपते आणि उर्दू कुठे सुरू होते, ते मला वर्गात फळ्यावर दाखवता येत नाही. ते कानानेच कळतं. ही गाणी कुठल्या कंपनीच्या यादीत कधीच नव्हती आणि येणारही नाहीत.

म्हणून कार्ड निवडण्यात महिने घालवू नका. ते येईपर्यंत मोबाइल आहेच. रेकॉर्डिंग एमपीथ्रीत नको, वेव्ह फाइलमध्ये ठेवा, निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी. परवानगी विचारा. आणि गाणं संपलं की गाणाऱ्या बाईला तिचं नाव, गाव आणि तारीख सांगायला लावा. गौहर जान यांनी नाव सांगितलं ते हॅनोवरच्या लोकांसाठी. आपल्या नानीचं नाव हवं ते तिच्या नातवंडांच्या नातवंडांसाठी.