कोल्हापूरचा पाठसंग्रह आणि कालभेदाचा प्रश्न

लिखित उताऱ्यांचा नियमबद्ध संग्रह करून तो संगणकाच्या साहाय्याने अभ्यासण्याच्या पद्धतीचा पाया अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात घातला गेला. डब्ल्यू. नेल्सन फ्रान्सिस व हेन्री कुचेरा यांनी १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या इंग्रजी गद्यातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे निवडले. बातमीपासून शास्त्रीय निबंधापर्यंत १५ प्रकारांत ते विभागलेले होते. १९६४ मध्ये हा सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह अभ्यासकांच्या हाती आला. पुढे लँकेस्टर, ऑस्लो व बर्गेन येथील विद्वानांनी १९६१ च्याच ब्रिटिश गद्याचा तसाच संग्रह १९७८ मध्ये पुरा केला. साचा एक आणि वर्षही एक असल्यामुळे दोहोंत आढळणारा भेद हा देशभेदच होय, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येऊ लागले.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी भारतीय इंग्रजीसाठी हाच साचा स्वीकारला. संग्रहाची माहितीपुस्तिका १९८६ मध्ये सिद्ध झाली. मात्र दोन बाबतींत त्यांना मूळ वाट सोडावी लागली. विज्ञानकथा, साहसकथा यांसारखे प्रकार भारतीय इंग्रजीत विरळ असल्याने तेथील उतारे कमी करून सर्वसाधारण कथात्म साहित्याचा वाटा वाढविण्यात आला. ही तडजोड म्हणजे उणीव नव्हे. कोणत्या समाजात कोणते लेखन इंग्रजीत होते, याचाच तो पुरावा आहे.

दुसरा बदल अधिक दूरगामी होता. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी भारतीय इंग्रजीचे स्वत्व अधिक स्पष्ट दिसेल, या अपेक्षेने १९६१ ऐवजी १९७८ हे वर्ष निवडले गेले. हेतू रास्त होता. परंतु त्यामुळे देशभेदात सतरा वर्षांचा कालभेद मिसळला. एखादा प्रयोग कोल्हापूरच्या संग्रहात कमी आढळला, तर तो भारतीयांनी टाकला की एकूण इंग्रजीतूनच तो मागे पडत होता, हे केवळ मोजणीने ठरत नाही.

या शंकेचे अंशतः निरसन पुढील काळात झाले. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १९९१ चे ब्रिटिश व १९९२ चे अमेरिकन गद्य त्याच साच्यात संकलित करण्यात आले. जेफ्री लीच यांनी हे संग्रह जुन्या संग्रहांशी ताडून पाहिले, तेव्हा 'शॅल', 'मस्ट' यांसारखी सहायक क्रियापदे दोन्ही देशांत तीस वर्षांत घटल्याचे दिसून आले. म्हणजे कोल्हापुरातील 'शॅल'ची संख्या एकट्या १९६१ शी नव्हे, तर १९६१ व नव्वदीचा आरंभ या दोन टोकांच्या दरम्यान ठेवून वाचली पाहिजे. ती या दोन टोकांच्या पलीकडे गेली, तरच भारतीयत्वाचे अनुमान बळकट होते.

तात्पर्य, संग्रहातील आकडे स्वतः बोलत नाहीत. कोणते वर्ष, कोणते प्रकार व कोणत्या प्रमाणात, हे निर्णयच त्यांना अर्थ देतात. म्हणूनच विश्लेषणाचा आरंभ मोजणीपासून नव्हे, तर संग्राहकाने केलेल्या निवडीपासून व्हावयास हवा.