श्रीमंत शहर आणि निवारा

सातारा-सांगलीकडील पुष्कळ कष्टकरी पोटासाठीं मुंबईच्या गिरण्यांत गेले. त्या धनाढ्य शहरानें त्यांना काम दिलें, पण निवाऱ्याची सोय केली नाहीं.

१८९६ सालीं प्लेग आला, तेव्हां दाट वस्त्यांकडे सरकारचें लक्ष गेलें. १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रस्ते रुंद झाले. परंतु पाडलेल्या खोल्यांइतक्या नव्या खोल्या गरिबांना मिळाल्या नाहींत, आणि शेजारच्या चाळींतली गर्दी वाढली.

१९२० सालीं गव्हर्नर लॉइड यांनीं डेव्हलपमेंट खातें काढलें. शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसला. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें मिळून २०७ चाळी, म्हणजे सुमारें १६,५०० खोल्या बांधल्या गेल्या. नवल असें कीं, त्यांतील पुष्कळशा प्रारंभीं रिकाम्याच राहिल्या. भाडें मजुराच्या आटोक्याबाहेरचें होतें!

१९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यांत उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कांतच धरला. तथापि रीतसर सूचना देऊन झोपड्या हटविण्याची मुभा सरकारला राहिलीच.

घर बांधल्यानें सरकारचें कर्तव्य अर्धेंच पुरें होतें. राहणाऱ्याच्या मिळकतीशीं भाड्याचा मेळ घालणें हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय.