झगा, बुरखा आणि फ्रान्सची संसद

फ्रान्समध्ये चर्च आणि शासन यांची फारकत करणारा कायदा ९ डिसेंबर १९०५ रोजी झाला, हे आपण इतिहासात वाचतो. त्याच्या चर्चेत धर्मगुरूंच्या झग्यावरून झालेला वाद मात्र सहसा वाचनात येत नाही.

२६ जून १९०५ रोजी शार्ल शाबेर या सभासदांनी दुरुस्ती मांडली की, उपासनाविधीखेरीज एरवी धर्मगुरूंनी झगा वापरू नये. त्यांचा युक्तिवाद ऐकण्याजोगा होता. झगा धर्मगुरूला समाजापासून तोडतो, त्याची बुद्धी जखडून टाकतो. तो उतरला की आतला माणूस मुक्त होईल! उत्तम धर्मगुरूंची गुप्त इच्छा आपण जाणतो, असेही त्यांनी सांगितले. दुसऱ्याच्या मनातले इतक्या खात्रीने जाणणारे लोक राजकारणात नेहमीच भेटतात.

उत्तर दिले आरिस्तीद ब्रियां यांनी. विधेयक त्यांचेच, ते काही चर्चचे स्नेही नव्हते. स्वातंत्र्य देऊ पाहणाऱ्या कायद्याने कपड्याचा बेत ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे. शिवाय झगा बंद केला, तर धर्मगुरू आणि शिंपी मिळून लगेच नवा वेश शोधतील, असा चिमटाही त्यांनी काढला. दुरुस्ती १८४ विरुद्ध ३९१ मतांनी फेटाळली गेली.

एकशेपाच वर्षांनी त्याच सभागृहापुढे मुस्लिम स्त्रियांच्या मुखपटाचा प्रश्न आला. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास सरसकट बंदी घातल्यास ती कायद्याच्या कसोटीवर टिकणे कठीण, असा इशारा तेथील राज्य परिषदेने मार्च २०१० मध्ये दिला होता. तरीही १३ जुलै रोजी विधेयक ३३५ विरुद्ध १ मताने संमत झाले. विरोधी बाकांवरील बहुतेकांनी मतदानच केले नाही. कायद्यात कोणत्याही धर्माचे नाव नाही. स्त्रीवर मुखपट लादणाऱ्यास एक वर्ष कैद व ३०,००० युरो दंड, स्वतः घेणारीस १५० युरो.

झगा आणि मुखपट एक नव्हेत. आपल्या धर्मभगिनींचा शिरोवेशही चेहरा उघडा ठेवतो, आणि चेहऱ्यावाचून नागरिकांचा परस्परव्यवहार अवघड होतो, हा समर्थकांचा मुद्दा मला वजनदार वाटतो. ‘आम्ही तुम्हांला मुक्त करतो’ हा दुसरा मुद्दा मात्र शाबेर यांचाच होता.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयात एका तरुणीने सांगितले की, आपल्यावर कोणाची सक्ती नाही. आपण कधी मुखपट घेतो, कधी घेत नाही. १ जुलै २०१४ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध २ मतांनी बंदी उचलून धरली, पण केवळ ‘एकत्र जगणे’ या आधारावर. स्त्रिया स्वतः ज्या प्रथेचे समर्थन करतात, ती स्त्रीसमानतेच्या नावाने शासनाला बंद करता येणार नाही, असे त्याच निकालात नमूद आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१८ मध्ये अशाच दोन स्त्रियांच्या बाजूने मत दिले. फ्रान्सने कायदा बदललेला नाही.